ओल्या किनाऱ्यावरची कोरडी साखर

१५६९ साली क्योतो शहरात शोगुनासाठी निजोचा किल्ला बांधला जात होता आणि ओदा नोबुनागा स्वतः कामावर देखरेख करत होता. लुईश फ्रॉइश हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री त्याला भेटायला गेला, तेव्हा नजराण्यात मेणबत्त्या होत्या आणि काचेच्या बरणीत भरलेले साखरेचे दाणे होते. पोर्तुगालमध्ये या दाण्यांना कॉन्फैतू म्हणत. जपान्यांनी त्यांना कोंपेइतो म्हटले आणि पुढे ते स्वतःच बनवायला घेतले. आज जपानी राजघराण्याच्या समारंभातही पाहुण्यांना चांदीच्या छोट्या डबीतून कोंपेइतो दिले जातात. अंगभर बोथट काटे असलेला हा दाणा मराठी घरातल्या कुणाच्याही तळहातावर ठेवला, तर तो ताबडतोब म्हणेल, हा तर संक्रांतीचा हलवा!

फ्रॉइश जपानला पोचला तो गोव्यातून. १५४८ मध्ये तो गोव्यात उतरला, सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५६१ मध्ये तिथेच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. क्योतोतल्या दाण्याची आणि आपल्या हलव्याची घडण एकच आहे. मध्ये एखादे बी किंवा कण, त्यावर थेंबाथेंबाने चढवलेला पाक, आणि प्रत्येक थेंब पूर्ण वाळेपर्यंत धरलेला धीर. दोघांचा शत्रूही एकच, हवेतली ओल. साखरेचे दागिने, गाठी, फुले, पुतळे, केकवरची नक्षी या सगळ्यांचा इतिहास पाहिला तर सुंदर घडवण्याइतकीच मेहनत माणसाने ते वाळवण्यात आणि ताठ ठेवण्यात घातलेली दिसते. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावर ही मेहनत सर्वांत जास्त.

शुद्ध साखरेचा स्फटिक २५ अंश तापमानाला हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांपर्यंत असली तरी तग धरतो. त्यापुढे तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळू लागतो. फळांत आणि मधात असणारी फ्रुक्टोज ही साखर तर ६२ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. गुळात अशी साखर बरीच असते, म्हणून साखर कोरडी असतानाही शेजारच्या डब्यातला गूळ पाझरतो. पणजीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे गोव्याच्या पावसाळ्यात साखरेची वस्तू उघड्यावर ठेवणे म्हणजे ती हवेला खाऊ घालणे.

डिचोली तालुक्यातले पाळी हे लोहखनिजाच्या खाणींमुळे नावारूपाला आलेले गाव या ओल्या पट्ट्यातच मोडते. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकावे तसा तो वाढत जातो. साखळीवरून चोर्ला घाट चढून बेळगावच्या वाटेला लागले की हिवाळ्यात हवेचा कोरडेपणा ओठांना जाणवतो. घाटाखाली मात्र जानेवारीतही पहाटे दव पडते. घाटावर परातीत ठेवलेला पाक जितक्या लवकर सुकतो, तितक्या लवकर तो घाटाखाली सुकत नाही.

म्हणून सणांचे पंचांग हातात घेऊन साखर कुठे दिसते ते पाहण्यासारखे आहे. श्रावण-भाद्रपदात, म्हणजे नागपंचमीपासून चवथीपर्यंत, गोव्याच्या हिंदू घरांत पातोळ्या, मणगणे, नेवऱ्या होतात. बहुतेक पदार्थ नारळाचे, गुळाचे, आणि केले की खायचे. साखर वाळवून शोभेसाठी मांडून ठेवायची चाल या महिन्यांत नाही. ती येते पौषात संक्रांतीला हलवा होऊन, फाल्गुनात होळीला आणि चैत्रात पाडव्याला गाठी होऊन. ख्रिस्ती घरांत ती नाताळात मार्झिपान होऊन येते आणि ईस्टरला पुन्हा दिसते. हे सगळे दिवस पावसाळ्याबाहेरचे.

पाळी, साखळी, डिचोली हा भाग आणि उत्तरेकडचे पेडणे यांचा इतिहास किनाऱ्यावरच्या जुन्या तालुक्यांपेक्षा वेगळा आहे. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली आणि पेडणे मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या शेवटी आले, त्यातही पेडणे १७८८ मध्ये. या नव्या काबिजादीत देवळे, कुळाचार, मराठी कीर्तन आणि घाटावरच्या नात्यागोत्यांशी व्यवहार कायम राहिला. म्हणून गोव्यात साखरकामाच्या दोन परंपरा अगदी जवळजवळ नांदताना दिसतात. एक हळदीकुंकवाच्या तबकातली, दुसरी नाताळच्या ताटातली.

तबकातल्या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे हलवा. तो करणाऱ्या बाईच्या हाताकडे जवळून पाहिले तर सगळी विद्या तिथे दिसते. मंद शेगडीवर पसरट परात असते. परातीत खसखस, तीळ, साबुदाणा, बडीशेप, मगज किंवा लवंग घेतलेली असते. शेजारी एकतारी पाक, दुधाचा हबका देऊन मळी काढलेला आणि गाळलेला. पाक चमच्याने घ्यायचा तोही अर्धा-पाव चमचा, आणि दाण्यांवर टाकताच बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचे. दाणे चिकटू द्यायचे नाहीत, पण दाबायचेही नाहीत. पाक सुकला की पुढचा चमचा. तासन्‌तास हेच, आणि असे काही दिवस. रात्री परात पातळ कापडाने झाकून थंडीत ठेवतात. घाई करून पाक जास्त घातला तर दाणा गुळगुळीत होतो. आच वाढली तर पाकाचा भुगा होतो आणि आलेले काटे झडतात. ढग आले, हवा कोंदली, की काटा येतच नाही. म्हणून जाणत्या बायका हलव्याला पहाटेची वेळ धरतात.

काटा का येतो, हा प्रश्न जपानमध्ये भौतिकशास्त्रज्ञांनीही घेतला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोराहिको तेरादा या शास्त्रज्ञाने कोंपेइतोच्या शिंगांवर लिहिले. ढोबळ कारण असे सांगता येते. दाण्यावर कुठेतरी किंचित उंचवटा असतो, तो पाकाला आणि तापलेल्या भांड्याला आधी लागतो. तिथे पाक जास्त बसतो आणि लवकर सुकतो, म्हणून तो उंचवटा बाकीच्या अंगापेक्षा वेगाने वाढतो. जपानी कारखान्यात एक दाणा पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे परात लहान आणि दाणा लहान, म्हणून वेळ कमी. पण नियम तोच: प्रत्येक थर सुकल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही.

हा काटेरी हलवा काळ्या कापडावर, पुठ्ठ्यावर, दोऱ्यात आणि जरीत ओवून दागिने होतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी. जावयाला हार आणि नारळ. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बासरी, कंबरपट्टा. अंगावर घालायचा दागिना साखरेचा असेल तर तो घामाला आणि श्वासाला टिकला पाहिजे. ते जमते कारण हलवा आतपर्यंत स्फटिक झालेला असतो. त्याच्यात ओला गाभा उरत नाही. पाक नुसता ओतून थंड केलेला, काचेसारखा दिसणारा दागिना असता तर तासाभरात चिकटला असता. काचेसारखी साखर हवेतले पाणी फार लवकर ओढते, आणि थोडे पाणी मिळाले की मऊ पडते.

गाठीचा मार्ग निराळा, पण तत्त्व हेच. पाक गोळीबंद अवस्थेपर्यंत, म्हणजे साधारण ११५ अंशांपर्यंत नेतात, मग तो घोटतात. घोटल्याने लाखो बारीक स्फटिक एकदम तयार होतात, पारदर्शक पाक दुधासारखा पांढरा होतो आणि भराभर आळू लागतो. त्याच क्षणी तो लाकडी साच्यात ओततात. साच्यात आधी दोरा ताणून ठेवलेला असतो. काही मिनिटांत साचा उघडला की पदकांची माळ दोऱ्यासकट बाहेर येते. घोटायला उशीर झाला तर पाक कढईतच दगड होतो, घाई झाली तर गाठी ओलसर राहून दोऱ्यावरून घसरतात. पाडव्याला गुढीवर चढणारी ही माळ नाशिक-खानदेशाकडे होळीला हारकडे म्हणून मुलांच्या गळ्यात आणि मनगटात जाते. उन्हात टांगलेली गुढी दिवसभर तापते, पण गाठी वितळत नाही, कारण शुद्ध साखर वितळायला १८० अंशांच्या पुढे जावे लागते. उन्हापेक्षा पाण्याच्या चार थेंबांचे तिला भय जास्त.

हे सगळे इतके शुभ्र आणि इतके टणक होऊ लागले त्यामागे साखरेच्या शुद्धतेचा इतिहास आहे. भारतात साखर करण्याची विद्या प्राचीन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा असे तिचे प्रकार नोंदलेले आहेत, म्हणजे पातळ काकवीपासून कोरड्या स्फटिकापर्यंतची उतरंडच. पण कोरडी साखर कोरडी ठेवणे तेव्हाही अवघड होते. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्त बार्बोझाने बंगालबद्दल लिहिले की तिथे पांढरी साखर भरपूर होते, पण तिचे घट्ट शंकू करण्याची रीत लोकांना माहीत नाही, म्हणून ते भुकटी साखर कच्च्या कातड्यात घालून नीट शिवून टाकतात आणि जहाजावर चढवतात. समुद्रावरच्या ओलीला दिलेले ते उत्तर होते.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून येणारी साखर इतकी रुळली की पांढऱ्या दाणेदार साखरेचे नावच मोरस पडले. पुढे १९१९ मध्ये बेलापूर कंपनी निघाली आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. गिरणीच्या साखरेत काकवीचा अंश जवळपास उरत नाही. ओल ओढणारा भाग गेला, म्हणून हलव्याचा काटा जास्त उठावदार झाला आणि गाठी जास्त दिवस टिकू लागल्या. साखर स्वस्त झाली तशी हे काम हलवायाच्या दुकानापुरते न राहता मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात आले.

गुळाला मात्र कोरडे राहण्याचा हट्ट करून चालत नाही. ते गोव्याच्या खाजेवाल्यांना पक्के माहीत आहे. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत, आणि गोव्यातल्या बहुतेक जत्रांत आणि फेस्तांत, खाज्याच्या राशी लागतात. बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढवतात आणि वर तीळ लावतात. तिळाच्या थराने चिकटपणा हाताला लागत नाही आणि कांडी कांडीला धरत नाही. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मानांकनाच्या मागे अशा छोट्या छोट्या तोडग्यांची परंपरा आहे.

ताटातली परंपरा युरोपातून आली आणि येताना तिने वाळवण्याची एक वेगळी युक्ती आणली. ती युक्ती म्हणजे डिंक. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातल्या पुस्तकांत साखरेच्या लगद्याच्या कृती छापून येऊ लागल्या. गुलाबपाण्यात भिजवलेला कतीरा डिंक, थोडा लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा भाग आणि वस्त्रगाळ साखर मळून त्याची कणीक करायची, ती लाटायची आणि तिच्या ताटल्या, पेले, फळे घडवायची. १६०२ मध्ये ह्यू प्लॅटने इंग्रजीत अशाच कृती दिल्या. पाहुण्यांनी जेवून झाल्यावर ताटलीही मोडून खावी, अशी ती मौज होती. डिंकाचे लांब रेणू साखरेचे कण एकमेकांना बांधतात. पाणी उडून गेले की उरते ती चिनी मातीसारखी टणक, पांढरी वस्तू. फ्रान्समध्ये यालाच पास्तियाज म्हणत. आंतोनँ कारेम (१७८४–१८३३) याने अशा लगद्यातून देवळे, मनोरे, पडझड झालेले अवशेष उभे केले आणि मिठाईला वास्तुकलेच्या रांगेत बसवले.

पोर्तुगीजांना साखरेची चटक लागली ती मदैरा बेटामुळे. पंधराव्या शतकात तिथे ऊस आला आणि साखरेचे पुतळे घडू लागले. मदैराच्या कॅप्टनने पोप दहाव्या लिओला साखरेत घडवलेली कार्डिनलांची सभा भेट पाठवली, असे गाश्पार फ्रुतुओझु या अझोरेसच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. ओढून ओढून पांढऱ्या केलेल्या साखरेची ही कला, अल्फेनीं, अझोरेसमधल्या तेर्सेइरा बेटावर आणि ब्राझीलच्या गोइयास शहरात आजही जिवंत आहे. तेर्सेइरावर नवस फेडताना अल्फेनींचे हात, पाय, कबुतरे वाहतात.

गोव्यात ही आवड घराघरांत शिरली. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या यान हाउखेन फान लिन्सखोतन या डच माणसाने नोंदवले आहे की पोर्तुगीज घरांतल्या गुलाम स्त्रिया तऱ्हेतऱ्हेचे मुरंबे आणि मिठाया बनवत, आणि त्या विकून आलेल्या पैशावर मालकांची घरे चालत. या ओळी वाचताना थांबावेसे वाटते. गोव्याच्या गोड पदार्थांची नावे पोर्तुगीज असली तरी उन्हाच्या कोणत्या प्रहरी पाक सुकतो, कोणत्या महिन्यात सुकत नाही, हे ज्ञान ज्या हातांनी कमावले त्या बायकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. १६०६ मध्ये जुन्या गोव्यात सांता मोनिका हा नन्सचा मठ स्थापन झाला. पोर्तुगालमध्ये मिठाईची विद्या मठांनी जपली, आणि गोव्यातही गोड पदार्थांच्या कथांत मठांचे नाव हमखास येते.

इथे एका झाडाने मोठी कामगिरी केली. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि गोव्याच्या जांभ्या डोंगरांवर तो रानासारखा पसरला. बदाम महाग, काजू दारात. म्हणून गोव्याचे मार्झिपान काजूचे. काजू वाटून, साखर, अंड्याचा पांढरा आणि गुलाबपाणी घालून मंद आचेवर घोटायचे, गोळा भांड्याची कड सोडू लागला की उतरवायचा, साच्यात दाबून फळे, फुले, मासे, ईस्टरची अंडी काढायची. मग जाळीखाली एक-दोन दिवस ठेवायचे. काजूतले तेल या लगद्याला तडकू देत नाही, पण पूर्ण टणकही होऊ देत नाही. वरून कोरडा, आतून मऊ, हीच त्याची खूण. नाताळच्या कुसवारात तो नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांच्या शेजारी बसतो.

लग्नाच्या केकवरची पांढरी नक्षी मात्र इंग्रजी वळणाची. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात जवळपास ३०० पौंडांचा केक होता, आणि अंड्याचा पांढरा आणि पिठीसाखर फेटून केलेले रॉयल आयसिंग पुढे सगळीकडे गेले. ते वाळले की सिमेंटसारखे होते. तीन मजली केक वरच्या मजल्याचा भार पेलू शके तो त्यामुळेच. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत अनेक पिढ्यांनी लग्नाचा केक म्हणजे हाच पांढरा कडक केक पाहिला.

मग आली शुगर पेस्ट, म्हणजे लाटून केकवर पांघरायची साखरेची मऊ चादर. तिच्यात ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीन असते. ग्लिसरीन हवेतले पाणी धरून ठेवते, म्हणून चादर सुरीने सहज कापता येते. पण तीच पेस्ट घेऊन गुलाब केला की तो मान टाकतो. कोरड्या प्रदेशात निदान दोन दिवसांनी तरी ताठ होईल, गोव्याच्या एप्रिल-मेमध्ये चार दिवसांनीही होत नाही. पाकळ्यांसाठी वेगळा लगदा लागतो, ग्लिसरीनशिवायचा, आणि त्यात कतीऱ्याऐवजी आज बहुधा सीएमसी पावडर घालतात. हा सेल्युलोजपासून केलेला डिंक विसाव्या शतकात जर्मनीत तयार झाला. खरा कतीरा इराण-तुर्कस्तानच्या झुडपांचा. तो महाग पडे, तेव्हा आपल्याकडच्या कांडोळ झाडाचा कराया डिंक त्याची जागा घेत जगाच्या बाजारात गेला.

पाकळी ताठ करण्याची कृती सांगायला थोडकी, करायला नाजूक. लगदा कागदासारखा पातळ लाटायचा, कारण जाड पाकळीचा गाभा ओला राहतो आणि दुसऱ्या दिवशी ती खाली लवते. कडा गोळ्याने दाबून लहरी काढायच्या, फोमच्या खड्ड्यात किंवा चमच्याच्या पोटात वाळत ठेवायची, म्हणजे खालूनही हवा लागते. कॉर्नफ्लॉवर हाताला लावायचे, तेल नको. पंखा चालू, खिडक्या बंद, जमल्यास एसी ड्राय मोडवर. फ्रिजमध्ये मुळीच नाही, कारण बाहेर काढताच थंड साखरेवर दव धरते आणि आठवड्याचे काम तासात ओघळते. क्रीमवर फूल ठेवायचे ते केक निघायच्या वेळी, कारण क्रीममधले पाणी देठातून वर चढते.

परातीपाशी बसून हलवा करणाऱ्या बाईलाही हेच सगळे पटेल. थर पातळ, वेळ थंड, पाक जपून, उघडी हवा नको. म्हापसा, मडगाव, डिचोली, कुडाळ, सावंतवाडीतल्या घरगुती केकवाल्या आज ऑनलाइन व्हिडिओ पाहून शिकतात. त्यांतले बरेच व्हिडिओ कोरड्या थंड देशांतले असतात. त्यात सांगितलेले ‘एक रात्र वाळवा’ किनाऱ्यावर लागू पडत नाही आणि नवशिकीला वाटते, आपलेच चुकले. हे दुःख टाळता येण्यासारखे आहे. पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटची संस्था आहे, पेस्ट्री शिकवणारे वर्ग शहरोशहरी आहेत. तिथे पास्तियाज आणि रॉयल आयसिंगच्या जोडीला हलव्याचा काटा, गाठीचा घोट आणि काजूच्या मार्झिपानची जाळी हेही शिकवले पाहिजे, आणि महिन्यागणिक आर्द्रतेच्या आकड्यांसह शिकवले पाहिजे.

हलव्याचे दागिने आता परदेशी मराठी घरांतही जातात. करणाऱ्या बायकांना त्यासाठी दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे लागते. दागिने आधी दोन-तीन दिवस घरात वाळवतात, मग पारदर्शक डब्यात ठेवून सिलिका जेलची पुडी टाकतात आणि झाकणाची फट चिकटपट्टीने बंद करतात. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला की ते काम थांबते, परात झाकली जाते, आणि आभाळ निवळेपर्यंत पुढचा चमचा पडत नाही. गेल्या काही वर्षांत असा पाऊस वारंवार येतो आहे. बायकांनी त्यावर बंद खोली, टेबल फॅन आणि साठ वॅटचा दिवा अशी आपापली व्यवस्था शोधली आहे. ती कुणीतरी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला हवी, आणि या वेळी त्यांच्या नावांसकट.